निर्वासित तरुण आणि खेळाचे मैदान



निर्वासितांच्या छावणीत माणूस दाखल झाला की प्रथम त्याची नोंद होते. कुटुंबप्रमुखाचे नाव, सोबतच्या माणसांची संख्या, मूळ गाव, तंबूचा क्रमांक, शिध्याचे प्रमाण अशा रकान्यांत एक संपूर्ण संसार बसवला जातो. कारभार चालवायचा तर अशा नोंदी कराव्याच लागतात. परंतु सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला संध्याकाळी पाच वाजता करण्यासारखे काही आहे किंवा नाही, याचा रकाना त्या वहीत सहसा नसतो. लहान मुलांसाठी दुधाची भुकटी येते, वृद्धांसाठी औषधे येतात. तरुणाच्या वाट्याला मात्र येते ती प्रतीक्षा. कागदपत्रांची, कामाची, परतीची, कधी नुसत्या पावसाची. ज्या वयात अंगातील शक्तीला वाट हवी असते, त्याच वयात त्याला रांगेत उभे राहण्याचे शिक्षण मिळते.

ही पोकळी फार काळ पोकळी राहत नाही. स्वस्त मजूर हवा असलेला कंत्राटदार तेथे पोहोचतो, चोरट्या व्यापाराचा दलाल पोहोचतो, सूडाचे राजकारण करणारा तर सर्वांत आधी पोहोचतो. म्हणून निर्वासित तरुणाच्या हाती चेंडू कोण देतो, कोणत्या अटीवर देतो आणि त्या चेंडूबरोबर आणखी काय देतो, हा प्रश्न करमणुकीच्या सदरात ढकलून देण्यासारखा नाही. तो समाजवादी कार्यकर्त्याचा प्रश्न आहे.

या बाबतीत दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत मदतकार्याच्या जुन्या चाकोरीतील आहे. पोटाला अन्न नाही तेथे खेळाचे कौतुक कशाला, असे ते विचारते. दुसरे मत अलीकडे मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या व्यासपीठांवरून मांडले जाते. खेळाला भाषा लागत नाही, धर्म लागत नाही. मैदानात उतरला की परका आपला होतो, असे ते सांगते. पहिल्या मतात माणसाविषयी फार थोडी अपेक्षा आहे आणि दुसऱ्या मतात खेळाविषयी फार मोठी. इतिहासाचा दाखला पाहिला तर असे दिसते की खेळ निर्वासित तरुणाला समाजाच्या दारापर्यंत निश्चितपणे आणतो. परंतु आत घेण्याचे काम खेळ करू शकत नाही. ते काम कायद्याचे, रोजगाराचे आणि शेजाऱ्यांच्या न्यायबुद्धीचे असते. हे दोन्ही भाग एकत्र पाहिल्याखेरीज या विषयाची मांडणी पुरी होत नाही.

कलकत्त्याचा अनुभव

यासाठी दूर जाण्याची गरज नाही. १९४७ च्या फाळणीनंतर पूर्व बंगालमधून माणसांचे लोंढे कलकत्त्याकडे येऊ लागले. सियालदा स्थानकाचे फलाट हीच कित्येक कुटुंबांची पहिली वसाहत ठरली. १९५१ च्या जनगणनेत पश्चिम बंगालमधील निर्वासितांचा आकडा २० लाखांहून अधिक भरला. सरकारी मदत अपुरी पडली, तेव्हा या लोकांनी शहराच्या दक्षिणेकडील पडीक जमिनी, मोकळ्या लष्करी छावण्या, जमीनदारांची ओसाड आवारे ताब्यात घेतली. बंगालीत या वस्त्यांना ‘जबरदखल कॉलनी’ असे म्हणतात. १९५० साल संपेपर्यंत अशा सुमारे दीडशे वस्त्या उभ्या राहिल्या होत्या. रात्रीतून झोपडी उभारायची, दिवसा पोलिसांना आणि जमीनमालकाच्या माणसांना तोंड द्यायचे, असा तो संघर्ष होता. वस्तीच्या समित्या स्थापन झाल्या. त्यांनी रस्ते आखले, शाळा काढल्या, आणि १९५० मध्ये या समित्यांना एका छत्राखाली आणणारी संयुक्त केंद्रीय निर्वासित परिषदही डाव्या पक्षांच्या पुढाकाराने उभी राहिली.

या वस्त्यांतील तरुणाला शहराने सुखासुखी स्वीकारले असे नाही. त्याचा उच्चार वेगळा, स्वयंपाकाची रीत वेगळी. ‘बांगाल’ हा शब्द त्याच्यासाठी हेटाळणीने वापरला जाई. उलट मूळच्या पश्चिम बंगालवासीयाला तो ‘घोटी’ म्हणे. नोकरीच्या दारात, भाड्याच्या खोलीच्या दारात, कॉलेजच्या वर्गात त्याचे तोंड उघडले की त्याचे परकेपण उघडे पडे. अशा वेळी त्याच्या हाती आली ती एक जुनी संस्था, ईस्ट बंगाल क्लब.

या क्लबचा जन्म निर्वासितांनी केलेला नव्हता. १९२० साली जोडाबागान क्लबने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात पूर्व बंगालच्या एका खेळाडूला वगळले. त्या अपमानाच्या रागातून सुरेशचंद्र चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवा क्लब स्थापन केला. संस्थापक सुस्थितीतील होते. जमीनदारी आणि शिक्षित मध्यमवर्ग यांचा तो उद्योग होता. परंतु १९४७ नंतर त्याच्या पाठीशी येऊन उभे राहिले ते फलाटावरून आणि झोपडीतून आलेले लोक. ज्या गावाचे नाव आता परक्या देशाच्या नकाशावर गेले होते, त्या प्रदेशाचे नाव कलकत्त्याच्या मैदानावर रोज संध्याकाळी मोठ्याने घेतले जात होते. स्वस्त तिकिटाच्या बाकावर बसलेल्या, किंवा तेही परवडत नाही म्हणून बाहेर उभे राहून सामन्याचा कानोसा घेणाऱ्या तरुणाला तेथे आपल्या उच्चाराची लाज वाटत नव्हती.

योग असा की नेमक्या त्याच वर्षांत या क्लबने फुटबॉलमध्ये विलक्षण यश मिळवले. १९४९ साली कलकत्ता लीग, आयएफए शील्ड आणि मुंबईची रोव्हर्स कप अशा तीनही स्पर्धा त्याने जिंकल्या. १९४९, १९५० आणि १९५१ अशी सलग तीन वर्षे शील्ड त्याच्याकडे राहिली. या यशाचे शिल्पकार होते त्या संघाच्या आघाडीचे पाच खेळाडू. लोक त्यांना ‘पंचपांडव’ म्हणत. अप्पा राव, धनराज, अहमद खान, सालेह आणि वेंकटेश. या पाच नावांकडे लक्ष दिले पाहिजे. यांपैकी एकही बंगाली नव्हता. पाचही जण दक्षिण भारतातून आलेले होते, आणि दोघे मुसलमान होते.

हा काळ कोणता होता? १९५० च्या फेब्रुवारीत पूर्व पाकिस्तानात आणि पाठोपाठ कलकत्त्यात दंगली पेटल्या होत्या. निर्वासितांचा नवा लोंढा आला होता. त्याच वर्षी ८ एप्रिलला नेहरू-लियाकत करार झाला. घरे जळालेली, माणसे गमावलेली माणसे या क्लबची पाठीराखी होती. आणि ती माणसे अहमद खानच्या पायातील चेंडूबरोबर उठत होती, सालेहने मुसंडी मारली की त्याच्या नावाने ओरडत होती. जातीयवादी शक्ती ज्या तरुणाला सूडाचा शिपाई बनवू पाहत होत्या, त्या तरुणाने आठवड्यातून दोन संध्याकाळ तरी आपला अभिमान एका मुसलमान खेळाडूच्या हाती सोपवला होता. यामुळे दंगली थांबल्या असे कोणीही म्हणणार नाही. तरीही ज्याला आपले म्हणून पाहण्याची सवय एकदा मनाला लागते, त्याचा द्वेष करण्यासाठी मनाला अधिक कष्ट पडतात. मैदान एवढेच करू शकते, आणि एवढे थोडे नव्हे.

कलकत्त्याचा दुसरा धडा असा की निर्वासित तरुण समाजात मिसळला तो आपले नाव पुसून नव्हे. ‘मिसळून जा’ असा उपदेश करणाऱ्यांच्या मनात पुष्कळदा ‘विरघळून जा’ असा अर्थ असतो. ईस्ट बंगालच्या पाठीराख्याने तसे केले नाही. त्याने आपली वेगळी ओळख घेऊनच शहराच्या सर्वांत मोठ्या भांडणात भाग घेतला. त्याचा क्लब जिंकला की बाजारात हिलशाचा भाव वाढे, मोहन बागान जिंकला की कोळंबीचा. ज्याच्याशी वर्षानुवर्षे खेळायचे आणि हरल्यावर ज्याच्या चेष्टेला तोंड द्यायचे, तो शेवटी शेजारीच ठरतो. प्रतिस्पर्धी होण्याचा हक्क हा नागरिकत्वाचा एक भाग आहे.

मैदानाबाहेर राहिलेले

परंतु एवढ्यावर थांबले तर सत्याचा अर्धाच भाग सांगितल्यासारखे होईल. हे मैदान कोणापर्यंत पोहोचले नाही, हेही पाहिले पाहिजे.

पहिली अनुपस्थिती मुलींची. ऋत्विक घटक यांचा ‘मेघे ढाका तारा’ हा १९६० चा चित्रपट एका निर्वासित वस्तीतील कुटुंबाची कथा सांगतो. त्यातील धाकटा भाऊ फुटबॉल खेळतो आणि त्याला बूट हवे असतात. घर चालते ते थोरल्या बहिणीच्या, नीताच्या, तुटपुंज्या मिळकतीवर. तिच्या स्वतःच्या चपलेचा पट्टा तुटलेला आहे. पुढे तो भाऊ कारखान्यात नोकरीला लागतो आणि यंत्राच्या अपघातात जायबंदी होतो. निर्वासित कुटुंबातील मुलाच्या पायात बूट येतो तेव्हा तो कोणाच्या अनवाणी चालण्यातून आला, आणि ज्या शरीराच्या बळावर त्याला काम मिळाले त्या शरीराची सुरक्षितता कारखान्यात कोण पाहणार, असे दोन प्रश्न त्या कथेत आहेत. खेळाच्या आधारे नोकरी मिळण्याची वाट कलकत्त्यात खरोखरच होती. रेल्वे, बंदर, पोलीस यांचे संघ होते आणि चांगल्या खेळाडूला तेथे पगार मिळे. मात्र ती वाट निवडक मुलांची होती, आणि मुलींची तर नव्हतीच.

दुसरी मर्यादा जमावाची. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्या सामन्यात प्रेक्षकांमध्ये मारामारी झाली, चेंगराचेंगरी झाली आणि १६ जण मृत्युमुखी पडले. गेलेल्यांचा कोणत्याही बाजूला काही अपराध नव्हता. अस्मितेला मैदान दिले म्हणजे ती आपोआप सुसंस्कृत होते, हा भ्रम त्या दिवसाने दूर केला. प्रेक्षकांची सोय, प्रवेशाची शिस्त, दोन्ही बाजूंच्या संघटकांमधील संवाद यांची जबाबदारी घेतली नाही, तर बंधुभावाच्या नावाने सुरू केलेला खेळ वैराचा अड्डा होऊ शकतो.

तिसरी मर्यादा सर्वांत गंभीर आहे, आणि ती जातीची व वर्गाची आहे. आधी आलेल्या, शिकलेल्या, शहरात नातेवाईक असलेल्या वरच्या जातींच्या निर्वासितांना कलकत्त्याच्या आसपास पाय रोवता आले. मागाहून आलेल्या नामशूद्र शेतकऱ्यांना आणि मच्छीमारांना छावण्यांत डांबले गेले आणि १९५८ मध्ये सुरू झालेल्या दंडकारण्य प्रकल्पाच्या जंगलात धाडले गेले. त्यांना ना शहर मिळाले, ना शहराचे मैदान. १९७८ मध्ये त्यांतील हजारो लोक परत बंगालमध्ये आले आणि सुंदरबनातील मरिचझापी बेटावर त्यांनी स्वतःच्या श्रमाने वस्ती उभारली. १९७९ च्या जानेवारीत त्या बेटाची कोंडी करण्यात आली, गोळीबार झाला, आणि मे महिन्यात वस्ती उठवण्यात आली. हे डाव्या आघाडीच्या राजवटीत घडले. डाव्या चळवळीतील कोणालाही याची आठवण सोयीस्करपणे विसरता येणार नाही. ज्या शहरात निर्वासितांचा क्लब १९७० ते १९७५ अशी सलग सहा वर्षे लीग जिंकत होता, त्याच राज्यात चार वर्षांनी निर्वासितांवर बंदुका रोखल्या गेल्या. मैदानावर मिळालेल्या टाळ्यांनी या निर्वासितांना जमिनीचा तुकडा मिळवून दिला नाही.

१९७१ आणि ध्वजाचा प्रश्न

बंगालमध्येच आणखी एक प्रसंग घडला, त्याचा उल्लेख केला पाहिजे. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातील लष्करी अत्याचारांमुळे सुमारे एक कोट माणसे भारतात आली. त्यांत ढाक्याच्या क्लबांतून खेळणारे तरुणही होते. त्यांनी झकेरिया पिंटू यांच्या नेतृत्वाखाली ‘स्वाधीन बांगला फुटबॉल दल’ उभारले आणि मुक्तिलढ्यासाठी निधी गोळा करण्याकरिता भारतभर सामने खेळले. पुढे बांगलादेशाच्या फुटबॉलचा नामांकित खेळाडू झालेला काझी सलाहुद्दीन तेव्हा नुकता कुठे विशीकडे वाटचाल करीत होता. तोही या दलात होता.

पहिला सामना २५ जुलै १९७१ रोजी नदिया जिल्ह्यातील कृष्णनगर येथे झाला. सामन्यापूर्वी आपल्या देशाचा ध्वज फडकला पाहिजे, असा या खेळाडूंनी आग्रह धरला. त्या देशाला भारत सरकारची मान्यता मिळायची होती. ती ६ डिसेंबरला मिळाली. तरीही स्थानिक अधिकाऱ्यांनी ध्वज फडकू दिला, आणि त्याबद्दल त्यांना कारवाईला तोंड द्यावे लागले. हेच दल पुढे मुंबईतही खेळले. महाराष्ट्राच्या संघाकडून त्या सामन्यात क्रिकेटपटू मन्सूर अली खान पतौडी मैदानात उतरले होते.

या तरुणांना कोणी ‘गुंतवून ठेवण्यासाठी’ खेळ दिलेला नव्हता. संघ त्यांचा, मागणी त्यांची, निधीचा विनियोगही त्यांच्याच लढ्यासाठी. यजमानाने मैदान दिले, प्रतिस्पर्धी दिला, प्रेक्षक दिले, आणि कृष्णनगरमध्ये थोडा धोकाही पत्करला. मदत करणारा आणि मदत घेणारा यांच्यातील नाते कसे असावे, याचा हा नमुना आहे. निर्वासित तरुणासाठी कार्यक्रम आखणे सोपे असते. त्याने आखलेल्या कार्यक्रमाला जागा करून देणे अवघड असते.

पेशावरच्या छावणीतून

आता सरहद्दीपलीकडील अनुभव पाहावा. १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि पुढील दहा वर्षांत तीस लाखांच्या आसपास अफगाण माणसे पाकिस्तानात आली. पेशावरच्या कच्चा गढीसारख्या छावण्यांत एक संपूर्ण पिढी वाढली. या मुलांच्या वाडवडिलांना क्रिकेट ठाऊक नव्हते. यजमान देशातील मुले जे खेळत होती तेच ही मुले पाहून पाहून शिकली. मातीच्या पटांगणात, चिकटपट्टी गुंडाळलेल्या चेंडूने. याच मुलांपैकी ताज मलिक यांच्यासारखे काहीजण पुढे अफगाण क्रिकेटचे संघटक झाले. १९९५ मध्ये त्यांच्या देशाचे क्रिकेट महासंघ स्थापन झाले, २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेचे प्राथमिक सदस्यत्व मिळाले, २०१७ मध्ये कसोटीचा दर्जा मिळाला आणि जून २०१८ मध्ये बेंगळुरू येथे भारताविरुद्ध पहिला कसोटी सामना झाला. २०२४ च्या वीस षटकांच्या विश्वचषकात तो संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. छावणीत शिकलेल्या खेळाने एका राष्ट्राला जगात उभे केले, असे उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

यजमानाचा खेळ शिकणे याहून अधिक मिसळणे ते कोणते? आणि तरीही काय झाले? २०२३ च्या ऑक्टोबरात पाकिस्तान सरकारने कागदपत्रे नसलेल्या परकीयांना १ नोव्हेंबरपर्यंत देश सोडण्याचा आदेश दिला. त्याचा रोख प्रामुख्याने अफगाणांवर होता. ज्यांचा जन्मच पाकिस्तानात झाला होता, ज्यांनी दुसरी भूमी पाहिलीही नव्हती, अशी मुलेही त्यांत होती. त्याच महिन्यात, २३ ऑक्टोबरला, चेन्नईत विश्वचषकाच्या सामन्यात अफगाणिस्तानने पाकिस्तानला हरवले. सामनावीर ठरलेल्या इब्राहिम झद्रानने आपला पुरस्कार पाकिस्तानातून परत पाठवल्या जाणाऱ्या अफगाण बांधवांना अर्पण केला. चाळीस वर्षे एकाच मातीत, एकाच खेळात वाढलेल्या माणसांना हद्दपारीपासून वाचवण्याची शक्ती त्या खेळात नव्हती. ती शक्ती एका कागदात असते, आणि तो कागद त्यांना कधी दिलाच गेला नव्हता.

या यशातही पुन्हा अर्धा समाज बाहेर राहिला. २०२० च्या नोव्हेंबरात अफगाण क्रिकेट मंडळाने २५ मुलींना करारबद्ध केले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तालिबानची राजवट आली आणि मुलींचा खेळ बंद झाला. त्यांतील बहुतेक जणी ऑस्ट्रेलियात आश्रयाला गेल्या. ३० जानेवारी २०२५ रोजी मेलबर्नमध्ये त्या एकत्र येऊन एक सामना खेळल्या. पुरुषांचा संघ राष्ट्राच्या नावाने जगभर खेळतो आणि त्याच राष्ट्राच्या मुलींना निर्वासित म्हणून खेळावे लागते, ही विसंगती आंतरराष्ट्रीय क्रिकेटच्या कारभाऱ्यांना अजून पुरेशी टोचलेली नाही.

पदक आणि पारपत्र

ऑलिंपिकमध्ये २०१६ पासून निर्वासितांचा स्वतंत्र संघ उतरतो. रिओ येथे त्यात १० खेळाडू होते, २०२४ च्या पॅरिस स्पर्धेत ३७. पॅरिसमध्ये या संघाला पहिले पदक मिळाले. सिंडी न्गाम्बा या तरुणीने मुष्टियुद्धात कांस्यपदक मिळवले. ती जन्माने कॅमेरूनची. लहानपणी इंग्लंडमध्ये आली आणि बोल्टन येथील मुलामुलींच्या एका स्थानिक क्लबात तिने मुष्टियुद्धाचे पहिले धडे घेतले. ब्रिटनच्या राष्ट्रीय खेळाडूंबरोबर तिने सराव केला. मात्र ब्रिटिश पारपत्र नसल्याने तिला ब्रिटनकडून उतरता आले नाही. त्यापूर्वी एकदा तिला स्थानबद्ध करून देशाबाहेर पाठवण्याची वेळही आली होती.

या एका आयुष्यात विषयाच्या दोन्ही बाजू आल्या आहेत. मोहल्ल्यातील क्लबने तिला विचारले नाही की तू कोठली. सरकारने तेवढेच विचारले. क्लबचे दार उघडे होते म्हणून ती घडली, आणि सरकारचे दार बंद होते म्हणून तिला देश नसलेल्यांच्या ध्वजाखाली उभे राहावे लागले. तिच्या पदकाचे कौतुक करताना हा ध्वज असण्याची गरजच का पडावी, हा प्रश्न कौतुकाच्या गोंगाटात हरवू देता कामा नये. शिवाय पदक मिळवणारी एक असते. पदक न मिळवणाऱ्या, सामान्य कुवतीच्या, नुसत्या संध्याकाळी खेळू इच्छिणाऱ्या लाखो मुलामुलींनाही माणूस म्हणून तोच हक्क आहे. गुणवत्ता दाखवलीस तर तुला आश्रय, ही अट माणुसकीची नव्हे, बाजाराची आहे.

महाराष्ट्रातील कर्तव्य

हा प्रश्न महाराष्ट्रापासून दूर आहे असे समजण्याचे कारण नाही. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी कल्याणजवळच्या लष्करी छावणीतून उल्हासनगर उभे केले. दंडकारण्याच्याच कडेला, तेव्हाच्या चांदा आणि आजच्या गडचिरोली जिल्ह्यात बंगाली निर्वासितांची गावे वसवण्यात आली. तेथील नामशूद्रांची, महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत आपले नाव नाही, ही तक्रार जुनी आहे. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात तिबेटी वसाहत आहे. देशाच्या पातळीवर पाहिले तर भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांच्या हक्कांचा सर्वंकष कायदाही केलेला नाही. कोणत्या गटाला कशी वागणूक मिळायची, हे त्या त्या वेळच्या सरकारच्या मर्जीवर ठरत आले आहे. एका गटाला शाळा आणि शेती, दुसऱ्याला नुसती संशयाची नजर, असा भेद त्यातून निर्माण होतो.

अशा स्थितीत कार्यकर्त्याने काय करावे? साने गुरुजींच्या संस्कारात वाढलेल्या सेवा दलाच्या शाखांनी एके काळी गावोगाव संध्याकाळच्या मैदानावर निरनिराळ्या जातींची मुले एका रिंगणात उभी केली. कबड्डीत पकड करायची तर स्पर्श टाळता येत नाही, हे साधे सत्य त्यांनी व्याख्यानापेक्षा अधिक परिणामकारकपणे शिकवले. तोच अनुभव येथे उपयोगी पडेल. मात्र काही पथ्ये पाळावी लागतील.

निर्वासितांचा एक संघ आणि गावकऱ्यांचा दुसरा, अशी कायमची विभागणी करू नये. तसेच त्यांचा स्वतःचा संघ असण्यालाही हरकत घेऊ नये. आठवड्यातील काही दिवस सरमिसळ संघ, काही दिवस आपापले संघ, असा क्रम ठेवता येईल. क्लबच्या कार्यकारिणीत निर्वासित तरुणांना जागा हवी. पाणी भरणे आणि रेषा मारणे एवढेच काम त्यांच्या वाट्याला येऊ नये. मुलींसाठी वेळ आणि मैदान राखून ठेवावे, त्यांना घरापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था करावी, आणि त्यांच्या आयांशी आधी बोलावे. कारण घरातील पाणी आणि धाकटी भावंडे यांची सोय लागल्याखेरीज मुलगी मैदानावर येऊ शकत नाही. जन्माचा दाखला नाही म्हणून एखाद्या मुलाचे नाव स्पर्धेतून खोडले जात असेल, तर शाळेच्या किंवा वस्तीच्या नोंदीवर त्याचे वय मान्य व्हावे, यासाठी क्रीडा संघटनांकडे आग्रह धरावा. मोकळी मैदाने बिल्डरांच्या घशात जात आहेत. ती वाचवण्याची चळवळ ही गावकरी आणि निर्वासित या दोघांची समान चळवळ होऊ शकते. आणि जो तरुण दिवसाला बारा तास राबतो त्याला खेळाचे निमंत्रण देण्यात अर्थ नाही. त्याच्यासाठी आठ तासांच्या दिवसाची आणि किमान वेतनाची मागणी हाच क्रीडाकार्यक्रमाचा पहिला भाग आहे.

या सर्वांबरोबरच निर्वासितांच्या हक्कांचा कायदा व्हावा, तो धर्म पाहून भेद करणारा नसावा आणि आश्रय घेतलेल्या माणसाला ठरावीक मुदतीत नागरिकत्वाचा मार्ग खुला असावा, ही मागणी पक्षाने सातत्याने मांडली पाहिजे. मैदानावर एकत्र खेळलेले गावकरी तरुण ती मागणी आपली म्हणून उचलतील, तर खेळाचे खरे काम झाले असे म्हणता येईल. ज्याच्याबरोबर वर्षभर खेळलो त्याला पोलीस गाडीत घालून सरहद्दीकडे नेत आहेत, हे पाहून गाव गप्प बसले, तर त्या वर्षभराच्या खेळाला काहीच अर्थ उरला नाही. आणि गाव उठून उभे राहिले, तर दंगलीचे आणि हद्दपारीचे राजकारण करणाऱ्यांना प्रथमच खराखुरा विरोध झाला, असे होईल.

कार्यकर्त्यांनी हे काम मोठ्या क्रीडासंकुलाची वाट पाहत पुढे ढकलू नये. ज्या तालुक्यात अशी वस्ती आहे तेथे जावे, संध्याकाळी पाचच्या सुमारास जावे, आणि तेथील मुलामुलींना प्रथम विचारावे की त्यांच्या गावी कोणता खेळ खेळत असत. तो आधी शिकून घ्यावा. त्यानंतर आपला खेळ शिकवावा.